जाणाऱ्याची दवंडी

आमच्या ऑफिसात त्याला सगळे दवंडी म्हणायचे. लिफ्ट बंद पडली की हा आत येऊन मोठ्यांदा सांगणार. चहाचं मशीन दुरुस्त झालं, सांगणार. खाली कोणाच्या गाडीचे दिवे चालू राहिलेत, तेही सांगणार. कोणाला उद्देशून नाही, नुसतं खोलीच्या मधोमध उभं राहून. मला सुरुवातीला संताप यायचा. आमची डोकी कामात आणि याचं आपलं भलतंच. एकदा मी म्हटलंही, बाबा रे, कोण ऐकतंय ते बघून तरी बोल. तर म्हणाला, "आत्याबाई, सांगणाऱ्यानं सांगावं. कोण ऐकतंय ते त्यानं बघू नये."

आत्याबाई म्हणजे मी. प्रोग्राम तपासणं हे माझं काम. दुसऱ्यानं केलेल्यात खोड काढायची आणि वर पगार घ्यायचा. लग्नकार्यात खऱ्या आत्याबाई हेच फुकट करतात.

दवंडीला उत्तर देणारा एकच माणूस होता. कोपऱ्यातल्या टेबलावरून, मान वर न करता, तो म्हणायचा, "ऐकलं रे." हा भावोजी. दवंडीचा कॉलेजातला दोस्त, आणि पुढे त्याच्याच धाकट्या बहिणीचा नवरा. लग्न दवंडीनंच जमवलं. मग चिडवायला म्हणून तो दोस्ताला भावोजी म्हणायला लागला, आणि बघता बघता शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचाच तो भावोजी झाला. दोघं एकाच डब्यातून जेवायचे. डबा बहिणीच्या हातचा असायचा.

आता दवंडीचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा प्रोग्राम औषधांच्या शीतगृहांसाठी. त्यात थंडी मोजणारा एक भाग, पडद्यावर रंग बदलणारा दुसरा, भोंगा वाजवणारा आणखी एक. आधी काय होतं, मोजणाऱ्यानं प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगायचं. नवा कोणी आला की मोजणाऱ्याला त्याचा पत्ता शिकवा, कोणी बदलला की पुन्हा सगळं उसवा. एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात. दवंडीनं मधे एक चौक केला. मोजणाऱ्यानं चौकात यायचं, 'गारवा गेला' म्हणून ओरडायचं आणि परत फिरायचं. ज्याला ते ऐकायचंय त्यानं आधीच चौकात नाव लावून ठेवायचं. सांगणाऱ्याला ऐकणारे माहीत नाहीत, ऐकणाऱ्यांना सांगणारा माहीत नाही. त्यामुळे एक भाग बदलला तरी बाकीचे आपापल्या जागी सुखात राहतात. इतकी साधी गोष्ट, पण आमचं निम्मं डोकेदुखीचं काम तिनं संपवलं.

लावलेलं नाव काढायची सोय त्यात नव्हती. ती भावोजीनं मागितली. यायला दार ठेवलंस तसं जायलाही ठेव, म्हणाला. दवंडीनं ठेवलं. मी तपासताना विचारलं, की अरे, एखादा निघून गेला तर कळणार कोणाला? ओरडणारा तर पुढच्या वेळी तसाच ओरडून जाईल. दवंडी हसला. म्हणाला, सगळी आपलीच माणसं आहेत, न सांगता कोण कशाला जाईल. मीही मान डोलावली.

मग ते झालं. एका रात्री एका शीतगृहातलं थंड करणारं यंत्र बंद पडलं. पडदा लाल झाला, पण पडद्यासमोर कोणी नव्हतं. पहारेकरी फाटकापाशी होता, आणि त्याच्यासाठी जो भोंगा बसवलाय तो वाजलाच नाही. सकाळी कुलूप काढलं तेव्हा कपाटंच्या कपाटं इन्सुलिन वाया गेलेलं. सगळं फेकावं लागलं. तिकडून फोनवर फोन, आणि साहेबांचा पारा असा चढला की त्यांच्या काचेच्या खोलीकडे कोणी बघेना. चौक दवंडीचा, तेव्हा बोट त्याच्याकडेच जाणार हे उघड होतं.

आम्ही त्या शीतगृहाचीच मांडणी ऑफिसातल्या मशीनवर घेऊन तो प्रकार पुन्हा करून बघितला. थंडी मोजायची कांडी टेबलावर ठेवली आणि मी माझ्या घरून आणलेलं केस वाळवायचं यंत्र तिच्यावर धरलं. पडदा लाल झाला. भोंगा गप्प. दवंडीनं चौकात लावलेली नावं उघडून बघितली, तर भोंग्याचं नावच नाही. भोंग्याचा भाग भावोजीचा. तो मागेच उभा होता, त्याचा चेहरा पडला.

नंतर दोघं चहाला बाहेर गेले. परत आला तेव्हा दवंडी हलका झालेला दिसला. मला म्हणाला, भावोजीनंच काढलं होतं. शीतगृह बघायला कोणी बडे लोक येणार होते, माल चढवताना दार उघडं राहतं आणि भोंगा सारखा कोकलतो, म्हणून तिथल्या मॅनेजरनं गळ घातली. याला वाटलं तेवढ्या दिवसापुरतं काढू, आणि परत लावायला विसरला. उद्या साहेबांना तो स्वतः सांगणार आहे. मी म्हटलं, बरं झालं. खरंच बरं वाटलं मला. विसरतो माणूस, विसरण्यासाठी कोणी कोणाला फाशी देत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. साहेबांनी सरळ दवंडीलाच विचारलं, तुझी आरोळी भोंग्यापर्यंत पोचली का नाही? दवंडी म्हणाला, आरोळी गेली, म्हणून तर पडदा लाल झाला. ऐकायला भोंगा तिथे नव्हता. कोणी काढला, साहेबांनी विचारलं. दवंडीनं भावोजीकडे बघितलं. वाट बघत होता बिचारा. मला राहवेना. मी म्हटलं, साहेब, भावोजींनी काढलाय, काल त्यांनी कबूल केलंय. साहेब म्हणाले, आत्याबाई, तुमच्यासमोर केलं का? माझ्यासमोर नव्हतं केलं.

तेव्हा दवंडी म्हणाला, "तू सांग."

भावोजीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला असं काही आठवत नाही," तो म्हणाला. "चौक त्याचा आहे. त्यातून कोण कधी गळतं ते त्यालाच ठाऊक."

कानावर हात ठेवणं म्हणतात ते मी त्या दिवशी पुरतं बघितलं. आणि तेही कोणी ठेवले, तर ज्याच्या 'ऐकलं रे'वर हा माणूस इतकी वर्षं जगला त्यानं. साहेबांनी फाइल मिटली. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवायला त्यांना चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. चौक दवंडीकडून काढून भावोजीकडे द्यायचा ठरला. दवंडीला जुन्या मशीनांच्या दुरुस्तीवर धाडायचं, पटत नसेल तर दुसरीकडे बघावं.

मी त्याला जिन्यात गाठलं आणि फाडफाड बोलले. तोंडात मूग गिळून बसलास, तुझी जीभ गेली कुठे? एरवी लिफ्ट बंद पडली तर आख्खी इमारत उठवतोस. तो म्हणाला, बहिणीचं घर आहे ते. आधी तिला भेटतो. तिला काही माहीत नसेल, तीच त्याला खरं बोलायला लावील.

रविवारी तो तिच्याकडे गेला. सोमवारी त्यानं मला जे सांगितलं ते मी तसंच सांगते. बहिणीला सगळं माहीत होतं. भोंगा वाजला नाही त्याच दिवशी नवऱ्यानं तिला सांगितलं होतं, आणि साहेबांपुढे काय बोलायचं ते दोघांनी बसून ठरवलं होतं. म्हणजे चहा पिताना जो शब्द दिला, तो खोटा आहे हे ठाऊक असताना दिला. बहीण त्याला म्हणाली, "दादा, तू एकटा आहेस, तुझं कसंही भागेल. आमच्यामागे संसार आहे." आणि वर विचारलं, जेवून जाणार ना?

केसानं गळा कापणं म्हणतात, ते हेच. मी त्या बाईला कधी भेटले नाही, पण मला अजून तिचा राग येतो.

दवंडीनं राजीनामा दिला. चौक भावोजीच्या हवाली करण्याआधी उरलेल्या दिवसांत त्यानं त्यात एकच बदल केला आणि तो माझ्याकडे तपासायला दिला. कोणीही नाव काढलं की चौकानं स्वतःच ओरडायचं, अमका गेला, आणि राहिलेल्या सगळ्यांनी ते ऐकायचं. मी भोंगा काढून बघितला. पडद्यावर ताबडतोब पट्टी आली, भोंगा गेला. खोड काढायला जागा नव्हती. दवंडी म्हणाला, हे आधीच करायला हवं होतं, आपली माणसं म्हणून केलं नाही. त्या दिवसांत तो खोलीत काहीच ओरडला नाही. लिफ्ट बंद पडली तर आम्ही सगळे बटण दाबून दाबून थकलो. डबा तर केव्हाच बंद झाला होता. तो माझ्या टेबलाशी बसून पाव खायचा.

शेवटच्या दिवशी त्यानं खण रिकामा केला, पिशवी खांद्याला लावली आणि खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला. आम्ही ओळखलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या, साहेबही काचेमागून बघायला लागले.

"मी चाललो," तो म्हणाला, नेहमीच्याच मोठ्या आवाजात.

कोपऱ्यातून, मान वर न करता, सवयीनं आवाज आला, "ऐकलं रे."

दवंडी दारापर्यंत गेला होता. तो वळला, आणि पहिल्यांदाच एकाकडेच बघून बोलला.

"तुला नव्हतं सांगितलं."