रक्त तपासायला नेतात तेव्हा

"त्या येळाकव तुमी असांच सांगितल्यात सर. रक्त कमी आसा, वायच तपासूक व्हया. आनी चार डाक्टरांनी माझे कपडे उतरवन माका गोरवासारख्या उलटा-पालटा करून बघितल्यानी. तुमी खय होतात तेव्हा?"

"दाराबाहेर," चंद्रप्रकाश सर सुलक्षणेला म्हणाले. माणूस खोटं बोलायचा, पण खोदून विचारलं तर खरंही तेवढ्याच थंडपणे सांगायचा.

कांदिवलीतल्या एका संस्थेच्या मैदानावर सुलक्षणा सकाळी सहापासून राबायची. झाडलोट करायची, पाणी मारायची, धावपट्टीवर चुन्याच्या फक्कीचे पट्टे ओढायची आणि मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीची चावी कमरेला खोचून हिंडायची. वय एक्केचाळीस, गाव देवगडाकडचं. वीस वर्षांमागं हीच बाई आठशे मीटर धावायला परदेशात गेली आणि रुपेरी पदक गळ्यात घालून उभी राहिली. सर तेव्हा तिचे प्रशिक्षक. तिसऱ्या दिवशी पदक काढून घेतलं. बायकांच्या गटात धावायला अपात्र, एवढंच कागदावर होतं. का, ते तिला टीव्हीवरून कळलं: तपासणीत ती बाई ठरली नव्हती. गावाला तर तिच्याआधी कळलं. ठरलेलं लग्न मोडलं. होऊ घातलेल्या सासूनं येऊन साखरपुड्याची साडी परत मागितली, वर म्हणाली, धुवून दे. बापूस नाक्यावर जायचा बंद झाला तो मरेस्तोवर. मग कधीतरी सरांनीच तिला इथं आणून झाडू हातात दिला. त्याला ते उपकार म्हणायचे आणि महिन्यातून एकदा तरी आठवण करून द्यायचे.

आता तीच पाळी दिशावर आली होती. दिशा दहिसरच्या चाळीतली, एकोणीस वर्षांची, आठशेलाच धावणारी. वळणावर कोपर आत ठेवायला तिला सुलक्षणेनंच शिकवलेलं. पोरीची परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झाली. स्थानिक पुढाऱ्यानं चौकात तिच्या फोटोशेजारी स्वतःचा दुप्पट मोठा फोटो लावला. पण जागतिक संघटनेचा नियम होता, बायकांच्या गटात धावायचं तर आधी जनुकांची चाचणी द्यायची.

सरांचा बेत सरळ होता. पोरीला चाचणीचं नाव सांगायचं नाही. हिमोग्लोबिन बघायचंय असं सांगून सुलक्षणेनं तिला बोरिवलीच्या लॅबमध्ये न्यायचं, तिच्यावर पोरीचा विश्वास होता म्हणून. निकाल बरा आला तर प्रश्नच मिटला. वाईट आला तर पायाला दुखापत झाली म्हणायचं आणि नाव मागं घ्यायचं. निवडणूक तोंडावर आलेली, पुढाऱ्याला बॅनरवरच्या पोरीची भानगड परवडणारी नव्हती.

"आनी मी तेका खरां सांगलंय तर?"

"तर तू आणि तुझं नशीब," सर म्हणाले. "या वयात तुला कोण ठेवणार, सुलू?"

सुलक्षणा 'बरां' म्हणाली आणि नळ बंद करायला गेली. दोन दिवस तिनं दिशाशी धड बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी सराव संपला, बाकीच्या पोरी गेल्या, दिशा बूट सोडत बसली होती. सुलक्षणेनं खोलीचं दार लोटलं आणि सगळं सांगितलं. स्वतःचं आधी. ते चार डाक्टर, ते थंड टेबल, ती धुवून दिलेली साडी. मग पोरीचं. सही करायच्या आधी कागद मराठीत मागून घे. आईला सोबत ने. कपडे काढायला लावले तर उठून ये, त्या चाचणीला गालाच्या आतून फिरवलेला कापूस पुरतो. निकाल फक्त तुझ्या हातात पडला पाहिजे.

"आनी नको वाटला तर नाय म्हण," ती म्हणाली. "तसो हक्क असता ह्या माका कोणी सांगलाच नाय."

दिशानं खुंटीवरचा टॉवेल ओढून छातीशी धरला. अंगात पुरा ट्रॅकसूट होता, तरी धरला.

"म्हणजे ताई, तू नक्की काय आहेस?"

"बाईच आसंय. बाई म्हणान वाढलंय, बाईच म्हणान मरतलंय."

"मग पदक का काढून घेतलं?" पोरगी दाराकडं सरकली. "आम्ही तुझ्यासमोर कपडे बदलतो, यार. मी तुझ्याकडून पायांची मालिश करून घेतलीय."

दुसऱ्या दिवशी दिशाची आई प्रेमा आली. ती आधी सरांवर बरसली, पोरीला फसवून नेणार होतात म्हणून. मग तिनं सुलक्षणेकडं मोर्चा वळवला. असल्या माणसाला मुलींच्या खोलीत ठेवलंतच कसं, हे तिला संस्थेकडून लेखी हवं होतं. तिच्या अर्जावर आणखी सहा आयांनी सह्या केल्या.

चाचणी झाली. दिशानं मराठीत कागद मागितला, आईला आत बसवलं, कपड्याला कुणाला हात लावू दिला नाही. सुलक्षणेनं सांगितलेलं तिनं शब्दन्‌शब्द केलं. निकाल स्वच्छ आला.

संस्थेनं सुलक्षणेला काढलं नाही. फक्कीचे पट्टे तिच्याइतके सरळ कुणाला जमत नव्हते. चावी काढून घेतली. मुलींशी बोलायचं नाही असं बजावलं. बायकांच्या संडासात जायचीही बंदी झाली, तिनं फाटकाजवळच्या वॉचमनचा संडास वापरायचा. हे सगळं सरांनीच वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "मी सांगितलं होतं."

ती फाटकाजवळच्या संडासाकडं गेली. लघवीला लागलेली होती, तशीच उभी राहिली. वॉचमन आत होता.

रविवारी पुढारी दिशाचा सत्कार करायला येणार होता, म्हणून पट्टे नव्यानं मारायचे होते. सुलक्षणेनं दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या आणि फक्कीचं घमेलं कमरेवर घेतलं. दिशा अंग मोकळं करत होती. चार पट्टे ओलांडून ती उभी राहिली आणि सुलक्षणेकडं न बघता सरांना म्हणाली, "सर, तिला सांगा ना, वळणावर रेघ जाड झालीय."

सरांनी सांगितलं. दहा पावलांवरून आलेलं दिशाचं बोलणं सुलक्षणेनं तोवर ऐकलेलंच होतं. तिनं पायानं रेघ पुसली, खाली बसून दोरी पुन्हा ताणली आणि चिमटीनं फक्की सोडत वळणाकडं सरकू लागली.