पुढच्या कारागिरासाठी

शिलाई मशीन दुरुस्त करून झालं की मिस्त्री त्याच्या पोटात, आतल्या बाजूला, एक चिठ्ठी चिकटवायचा. काय बिघडलं होतं ते तीत नसायचंच. असायचा तो पुढच्या कारागिरासाठी निरोप. 'बॉबिनचा ताण मुद्दाम सैल ठेवला आहे. आवळू नये.' किंवा, 'हे चाक आवाज करतं, पण बिघडलेलं नाही. त्याच्या नादी लागू नये.' बाजारातले बाकीचे कारागीर हसायचे. आपलं गिऱ्हाईक उद्या दुसऱ्याकडे जाणार हे धरून चालायचं आणि वर त्या दुसऱ्याची सोयही करून ठेवायची, असला वेडेपणा त्यांनी कुठे पाहिला नव्हता. मिस्त्री म्हणायचा, "मी काय अमरपट्टा घेऊन आलोय?"

तर अशा माणसाला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस दवाखान्यात राहायला सांगितल्यावर त्याने काय केलं असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याने मुलीची चिठ्ठी लिहायला घेतली.

मुलगी तेवीस वर्षांची. लहानपणी एकाच सुरात ओरडायची म्हणून टिटवी नाव पडलं, ते पडलंच. हिच्या बुद्धीची वाढ वयाच्या मागे राहणार, असं डॉक्टरांनी ती तीन वर्षांची असतानाच सांगितलं होतं. बोलणं एकदोन शब्दांचं, तेही मनात आलं तर. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून बापलेक एक दिवसही वेगळे राहिले नव्हते. आपल्यामागे हिचं कसं होणार, या विचाराने मिस्त्रीच्या पोटात रोज गोळा यायचा. इतका रोज, की खरोखरचा गोळा आला तेव्हाही त्याने महिनाभर तो काळजीच्याच खात्यात टाकला.

लिहिता लिहिता चिठ्ठीची वही झाली. एकशे बारा कलमं. '४. दूध कोमट द्यावे. गार पीत नाही. १७. केस डावीकडून विंचरावेत. ३१. बाहेर नेऊ नये, घाबरते.' वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि मग मोठ्या बहिणीला बोलावून घेतलं.

अक्काने बत्तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलेलं. दोनशे जणींना वेळेवर जेवू घालणाऱ्या बाईला एका मुलीची काय मातब्बरी! तिने वही हातात घेतली, वजन करावं तशी खालीवर केली आणि म्हणाली, "अरे, हिला सांभाळायचंय की चालवायचंय?"

दवाखान्यातून तो रोज फोन करायचा.

"सतरा नंबर लक्षात आहे ना?"

"आहे रे बाबा. झोप तू."

एवढ्याने कुठलं समाधान व्हायला? जीव टांगणीलाच. पण गंमत अशी, की काळजीच्या आडून एक निराळंच कुतूहल डोकं वर काढत होतं. आपली वही लागू पडत असेल का? कुठलं कलम फसलं असेल? त्याची चिठ्ठी वाचून दुसऱ्या कारागिराने पुढे काय केलं, हे त्याला आजवर कधीच कळलं नव्हतं. या खेपेला कळणार होतं.

चौथ्या दिवशी पोटावर हात धरून, एकेक पायरी करत तो जिना चढून आला. टिटवी टेबलाशी बसून दूध पीत होती. फ्रीजमधलं. ग्लासाला बाहेरून पाणी सुटलेलं स्पष्ट दिसत होतं.

"अक्का! चार नंबर!"

"काय चार नंबर? तिनेच गार मागितलं."

"ती मागत नाही."

"मागते. तू थांबत नाहीस."

मिस्त्री खुर्चीत बसला. अक्का भाजी परतता परतता सांगू लागली. "पहिल्या दिवशी विचारलं, दूध गरम हवं का गार. गप्प. मी आपली भाजी चिरत राहिले. जरा वेळाने मागून आवाज, गार. मला वाटलं, लागला असेल नेम. मग मुद्दाम आकडे मोजायला लागले. साध्या प्रश्नाला अकरा-बारा लागतात. अवघड असला तर वीस. काल विचारलं, बाहेर येतेस का? चौदाला चपला घालून दारात उभी!"

मिस्त्रीला आधी राग आला. मग तो आठवू लागला. तिला काही विचारलं की तो तीनपर्यंतही थांबत नसे. कोमट देऊ ना? देतो हं. डोकं दुखतंय ना? नीज मग. गार दूध तिने थुंकलं होतं हे खरं, पण तेव्हा ती चार वर्षांची होती. म्हणजे इतकी वर्षं प्रश्नही आपला आणि उत्तरही आपलंच. त्या एकशे बारा कलमांत पोरीची किती आणि आपली किती? त्याला लाज वाटली, मान वर करवेना. पण लाजेपेक्षा कुतूहल जबर होतं. हिला आणखी काय काय सांगायचं असेल?

"मी विचारू?" तो अक्काला म्हणाला.

"मला काय विचारतोस? तिला विचार."

तो टिटवीच्या समोर सरकून बसला. दुधाबद्दल काहीतरी विचारावं असं ठरवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"मी घरी नव्हतो. भीती वाटली तुला?"

एक, दोन, तीन. टिटवी ग्लासाच्या काठावरून बोट फिरवत होती. सात. 'वाटली ना?' अगदी जिभेवर आलं, तोच अक्काने हातातला उलथना त्याच्यावर रोखला. बारा. सोळा. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं आणि मिस्त्रीचा आकडा चुकला.

टिटवीने वर पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. मग, "तुला?"

मिस्त्रीने तोंड उघडलं आणि मिटलं. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. डोळे भरून आले. अक्काला राहवेना; ती त्याच्या वतीने काहीतरी बोलायला गेली. टिटवीने हात वर करून तिला थांबवलं आणि बापाच्या तोंडाकडे बघत बसून राहिली.