मिलिंदचा वाकडा रेडिएटर

“अरे, टेकव लवकर! छातीवर हत्ती घेऊन उभाय मी!” मिलिंद ओरडत होता, आणि त्याच्या एजवेअरच्या फ्रंट रूममध्ये मी गुडघे टेकून, खोली गरम ठेवणारा, गरम पाण्याचा रेडिएटर भिंतीतल्या ब्रॅकेटवर बसतो कसा ते शोधत होतो. सहा आठवड्यांपूर्वी त्याच्या बायकोचा, रत्नावहिनींचा फोन आला, “हे गेले...” आणि माझ्या कानात पहिल्यांदा घुमली ती हीच आरोळी.

नऊ वर्षं झाली त्या रेडिएटरला. त्या महिन्यात माझी नोकरी गेली होती. इल्फर्डच्या घरात मी भिंतींशी इतका बोलायचो, की भिंतीही कंटाळल्या होत्या. मिलिंदचा फोन आला, “प्लंबर नकोय मला. तूच ये, तुला जमतं.” मला कसलं जमतंय! पण निम्म्या लंडनचे रेडिएटर मीच टांगलेत, असं मी ठोकून दिलं. सपाटी बघायची स्पिरिट लेव्हल घरी विसरलो, हे मात्र सांगितलं नाही. “लेव्हल कशाला? पाणी खोटं बोलत नाही!” म्हणत मी वहिनींची लग्नातली स्टीलची परात काढली. मिलिंदने फळी भिंतीला धरली, मी तिच्यावर पाण्याने भरलेली परात ठेवली, आणि पाणी काठाला सगळीकडे सारखं लागलं तेव्हा फळीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारली. मिलिंद परातीकडे जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मार ड्रिल.”

संध्याकाळी वहिनी हॉस्पिटलमधल्या ड्युटीवरून आल्या आणि कोटही न काढता दारातच थबकल्या. वर बुद्धाची तसबीर अगदी सरळ, आणि खाली रेडिएटर असा, की त्यावर वाटाणा सोडला तर पन्नास मैलांवरच्या बेसिंगस्टोकला जाऊन थांबावा.

“कोणी केलं हे?”

“माझा हात चुकला,” मिलिंद म्हणाला. मी तोंड उघडलं होतं... ते मिटलं.

तेव्हापासून दर एप्रिलात जयंतीच्या जेवणाला वहिनी पाहुण्यांना सांगायच्या, “आमच्या इंजिनिअरसाहेबांची कलाकुसर. मान वाकडी करून बघा, म्हणजे सरळ दिसेल!” सगळ्यांत मोठ्याने हसायचो मी. मिलिंदही हसायचा. पुन्हा लावू या म्हटलं, तर “राहू दे रे, सवय झालीय.” वाकडेपणामुळे वरच्या टोकाला हवा साठायची. दर ऑक्टोबरला तो छोटी पितळी किल्ली घेऊन बसायचा आणि ती हवा सोडायचा.

गेल्या रविवारी गेलो, तर ते टोक बर्फासारखं गार. किल्ली त्याच्याच जुडग्यात होती. फिरवली. हवा सुटत राहिली, सुटत राहिली... शेवटी बोटावर पाण्याचा थेंब आला, आणि जन्मभर थापा मारत आलेला मी खरं बोललो.

“वहिनी, ती रेघ माझी होती. तुमच्या परातीवरून मारलेली. त्याने उगाच स्वतःवर घेतलं.”

वहिनी त्याच्या स्वेटरची घडी घालत होत्या. घडी पूर्ण केली.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “परात तळाला चेपलीये, हे त्यांनाही तेव्हाच माहीत होतं.”