पिंपातली कोंबडी

माझ्या दुकानात भागीदारी मागायला आलेल्या दिलीपने बोलता बोलता बशीतला शेवटचा वडा उचलला. सकाळपासून मी उपाशी आहे, हे त्याला ठाऊक होतं.

शाळेत असताना स्टँडमागच्या व्हिडिओ गेमवर आम्ही जोडीने गुंडांना बडवायचो. पिंप फोडलं की भाजलेली कोंबडी निघायची. ती खाल्ली की जीवाची पट्टी भरायची. जीव संपत आला की पट्टी लाल व्हायची. ज्याची पट्टी लाल, कोंबडी त्याची, हा गल्लीचा कायदा. शेवटच्या बॉससमोर माझा जीव केसाएवढा उरला होता. पिंप मी फोडलं आणि कोंबडी भरल्या पट्टीच्या दिलीपने खाल्ली. "चुकून बटण दाबलं गेलं रे!" मी मेलो, तो जिंकला.

पुढे शून्यातून उभा राहिलो, भल्याभल्यांशी घासाघीस केली. पण माणूस मी अजून तसाच जोखतो: समोरच्याचा जीव लाल दिसत असताना याचा हात कुठे जातो?

"मग, भागीदारीचं काय?" दिलीपने विचारलं.

"पिंपातली कोंबडी आठवते?"

तो चावायचा थांबला. "अजून तेच धरून बसलायस?" म्हणत त्याने उरलेला अर्धा वडा माझ्यापुढे सरकवला.

आठवण करून दिल्यावर हात कुणाचाही मागे येतो. मी तो उष्टा वडा चवीने खाल्ला आणि भागीदारीला नाही म्हणालो.