तापानंतरची भाकर

त्या वर्षी पोळा होऊन आठ दिवस झाले आणि मला ताप भरला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आम्ही वर्ध्याजवळच्या देवळीत राहायचो. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते आणि मी तीन मैलांवरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे.

ताप उतरेना तेव्हा रक्त तपासलं. टायफॉइड निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. त्या घशाखाली उतरल्यावर तोंड दिवसभर कडू राहायचं, पण पाचव्या-सहाव्या दिवशी ताप हटला. मी वाचले ती त्या कॅप्सूलींमुळे, हे मी आजही मानते.

ताप गेला, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. सकाळी उठल्यावर तीन-चार वेळा जावं लागायचं. मग दोन दिवस काहीच नाही. पोट टिचकी मारली तर वाजेल असं फुगलेलं. डॉक्टरांकडे गेलं की ते जुलाबावरच्या नव्या गोळ्या द्यायचे. चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. दिवाळीपर्यंत अशा गोळ्यांची चार पाकिटं संपली. शक्तीसाठी एक लाल टॉनिक होतं, जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या होत्या. वेणी घालायला बसलं की केसांचा झुबका हातात यायचा.

खाण्याचा सगळा कारभार आत्याबाईंच्या हाती होता. साबुदाण्याची खीर, गिजगा म्हणजे मऊ शिजवलेला भात, दुधात बुडवलेला पाव, ग्लुकोजची बिस्किटं आणि चहा. बस. डाळ नाही, पालेभाजी नाही, भाकर तर नाहीच नाही. दही-ताकाचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा बदलायचा. ताक थंड, त्यानं ताप उलटतो, असं त्या म्हणायच्या. मी एकदा हट्ट धरला की नुसता भाकरीचा पापुद्रा तरी द्या. त्यांनी परात उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्या दिवसापासून माझ्यासमोर त्यांनी भाकरी थापली नाही. दोघं मायलेक माझं जेवण झाल्यावर आत बसून जेवायचे.

मला त्यांचा राग यायचा. सून नोकरी करते, बाहेर मोकळी वागते, म्हणून घरात ही सत्ता चालवतात, असं मला वाटायचं. यांच्याकडे तक्रार केली तर हे मान खाली घालायचे आणि म्हणायचे, राहू दे, तिचं ऐक. का, ते सांगायचे नाहीत.

दिवाळीनंतर मी शाळेत रुजू झाले. तेव्हा खेड्यातल्या शाळेत बाईमाणसासाठी कसलीच सोय नव्हती. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे तुरीचं शेत. पोट बिघडलेल्या बाईनं काय करायचं? मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. शिकवता शिकवता पोटात कळ आली की फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे, खडू घट्ट धरायचे आणि मुलांना पाढे म्हणायला लावायचे. त्या वर्षी माझ्या वर्गाचे पाढे फार पक्के झाले.

शाळेत पाणी भरायला आणि झाडलोट करायला एक बाई होत्या. वयानं माझ्या आईएवढ्या. मी डब्यात बिस्किटं आणते हे त्या रोज बघायच्या. एका दुपारी त्यांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. भाकर, जवसाची चटणी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची झणझणीत आमटी. त्या म्हणाल्या, मॅडम, जनावरालेबी आपण वैरण घालतो, तुम्ही त्या बिस्किटावर काऊन जगून राह्यल्या?

मी खाल्लं. अडीच-तीन महिन्यांची भूक होती. अख्खी भाकर संपवली, वर आमटी वाटी तोंडाला लावून प्यायले. त्या बाई समाधानानं बघत होत्या. त्यांचा काही दोष नव्हता.

तासाभरात पोटात जी पिळवटून कळ आली तिनं मी ओट्यावर आडवी झाले. हेडमास्तरांनी एका बैलबंडीत घालून मला घरी पाठवलं. दारात बंडी थांबलेली पाहून आत्याबाई धावत आल्या. मला आत नेऊन निजवलं, पोटावर गरम फडक्याचा शेक दिला. मी काय खाल्लं ते विचारलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मी भाकर म्हटलं.

मला वाटलं, आता बोलणी बसतील. त्या खाटेच्या पायाशी जमिनीवर बसल्या. बराच वेळ त्या माझ्या पोटाकडे बघत राहिल्या, जणू तिथं काही फुटेल. मग हळू आवाजात बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता.

यांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. घर बौद्ध झालं त्या छप्पन्न सालच्या धर्मांतराच्या आधीची गोष्ट, तेव्हा त्या मजुरीवर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायच्या. मुलगी नऊ वर्षांची असताना तिला असाच ताप आला. एकवीस दिवस राहिला. गावात औषध नव्हतं, वर्ध्याला नेण्याची ऐपत नव्हती. बाविसाव्या दिवशी अंग गार लागलं. मुलीनं भाकर मागितली. आधी त्यांनी नाही म्हटलं, मग ती रडायला लागली, तेव्हा चुलीवरची ताजी चतकोर भाकर तिच्या हातात दिली. संध्याकाळी तिचं पोट फुगून दगडासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

"माह्या हातानं देल्ली मी तिले," त्या म्हणाल्या. "तुले कशी देऊ?"

मी त्यांचा हात धरला. इतके महिने मी ज्याला सत्ता समजत होते ते हे होतं. मला लाज वाटली आणि रडूही आलं. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलेलो होतो. कळ ओसरली होती. नुसती जड, दुखरी जाणीव उरली होती. यांनी दुसऱ्याच दिवशी वर्ध्याला जायचं ठरवलं. आत्याबाई म्हणाल्या, मी येतो.

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं गेलो. तिथल्या डॉक्टरबाई तिशीच्या असाव्यात. पोट तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, खाणं काय आहे? मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी सगळं सांगितलं, कोणत्या वेळी काय आणि किती. ज्या कळकळीनं त्या सांगत होत्या ते ऐकून डॉक्टरबाई त्यांना मध्येच तोडू शकल्या नाहीत. सगळं ऐकल्यावर त्यांनी यांच्या हातातल्या जुन्या चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाल्या, शौच तपासून घेऊ, पण आता या गोळ्या बंद.

मग त्यांनी आत्याबाईंनाच समजावलं. तापाच्या औषधानं तापाचे जंतू मारले, ते आवश्यकच होतं. पण आतड्यात चांगलेही जंतू असतात, ते अन्न पचवायला मदत करतात. औषधाला चांगलं-वाईट कळत नाही. त्यात पुन्हा पुन्हा जुलाबावरच्या गोळ्या घेतल्या, त्याही जंतू मारणाऱ्याच, म्हणून चांगले जंतू पुन्हा वाढायला सवडच मिळाली नाही. आणि खाण्यात कोंडा नाही, डाळ नाही, भाजी नाही. आतड्याला काम उरलं नाही, त्या जंतूंना खाणं उरलं नाही.

"चांगले बी जंतू राह्यते?" आत्याबाईंनी विचारलं.

दही कशानं लागतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. तुम्ही दुधात विरजण घालता ते काय असतं?

डॉक्टरबाईंनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, दह्यातल्यासारखेच जंतू असलेल्या. त्यांचा उपयोग होईल असं वाटतं, पण खात्री देत नाही, असंही सांगितलं. खरं काम खाण्यानं व्हायचं होतं, तेही घाई न करता. आधी पातळ ताक, अर्धी वाटी. आठवड्यानं ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून. मग वरण, मग पालेभाजी. भाकर सगळ्यांत शेवटी, तीही कुस्करून. पोट साफ होत नसेल त्या दिवशी चमचाभर इसबगोल, पण भरपूर पाण्याबरोबर. काल जे झालं ते भाकरीमुळे नाही, तीन महिन्यांनी एकदम पोटभर आणि तिखट खाल्ल्यामुळे, असं त्यांनी मला बजावलं.

आम्ही उठलो. आत्याबाई उठल्या नाहीत. पदर नीट करत त्या म्हणाल्या, "बाई, माह्या पोरीले बी हाच ताप होता. ताप उतरला अन् मी तिले भाकर देल्ली. त्यानंच गेली का माही पोरगी?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. तेव्हा काही औषध मिळालं होतं का, असं विचारलं. आत्याबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"या तापात आतड्याला जखमा होतात, आई," त्या म्हणाल्या. "औषध नसेल तर जखम फुटते. नुसत्या पाण्यावर ठेवलेल्या माणसाचीसुद्धा फुटते. तुमच्या भाकरीनं ती गेली असं कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. मी तर सांगणारच नाही. औषध नव्हतं, म्हणून ती गेली."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. खरं बोलते की समजूत घालते, हे त्यांना बघायचं असावं. मग त्या उठल्या.

आम्ही परतीची एसटी धरली. देवळी जवळ आली तेव्हा आत्याबाई मला म्हणाल्या, "ताक पातळच करतो पहिल्यानं. मीठ घालू ना?"

त्या संध्याकाळी त्यांनी शेजारून विरजण आणलं. तीन महिन्यांत आमच्या घरात दही लागलं नव्हतं. पहिल्या दिवशीची अर्धी वाटी मी प्याले तेव्हा त्या समोर बसून होत्या आणि दिवसभर माझ्या कपाळाला हात लावून बघत होत्या. ताप उलटला नाही. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी कपाळ बघणं सोडलं.

सगळं सरळ झालं असं नाही. एकदा मी इसबगोल शाळेच्या घाईत घोटभर पाण्याबरोबर गिळलं आणि दोन दिवस पोट घट्ट झालं. बरबटीची, म्हणजे चवळीची, उसळ लवकर खाल्ली, तर रात्रभर गुडगुड. प्रत्येक वेळी मला वाटायचं, संपलं, आता आपण अशाच राहणार. आत्याबाई मात्र खचल्या नाहीत. एक पाऊल मागे जायचं, पुन्हा ताक-कण्या, मग पुढे. शेतातल्या रोपासारखं त्यांनी मला जपलं. गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणल्या नाहीत. टॉनिकची बाटली फळीवर तशीच पडून राहिली.

शाळेतल्या त्या बाई मात्र घाबरून गेल्या होत्या. मी परत गेले तेव्हा त्या डबा लपवून जेवत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. माझी अडचण ओळखून त्या बाईंनी हेडमास्तरांना सांगून शाळेमागे बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा उभारून घेतला. त्याचा उपयोग पुढे चौथीतल्या मुलींनाही झाला.

संक्रांतीच्या सुमारास आत्याबाईंनी प्रथमच माझ्यासमोर परात घेतली. भाकरी थापली, भाजली, तिचा चतकोर तोडला, वरणात कुस्करला आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. मी पहिला घास घेतला. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं, उगाच, जाळ नीट होता.

त्यांनी मग त्यांच्या मुलीचं नाव घेतलं. मी त्या घरात ते कधीच ऐकलं नव्हतं. तिला भाकरीचा करपलेला काठ आवडायचा, म्हणाल्या. त्या दिवसानंतर त्या तिच्याबद्दल सहज बोलायला लागल्या. ती चिंचेच्या झाडावर कशी चढायची, तिला गाणी कशी पटकन पाठ व्हायची. हेही ऐकत बसायचे. आपल्या बहिणीची माहिती त्यांनाही नवीनच होती.

होळीपर्यंत मी एक भाकर खायला लागले. केस परत येऊ लागले, आधी कपाळावर उभे राहणारे बारीक, मग सगळीकडे.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक नवी सून तापातून उठली. तिच्या सासूनं तिला साबुदाण्यावर ठेवलं होतं. आत्याबाई गंजात, म्हणजे छोट्या पातेल्यात, ताक घेऊन तिथं गेल्या. मी मागोमाग होते. त्या सासूनं दारातच सांगितलं की ताक नको, ताप उलटतो. आत्याबाईंनी वाद घातला नाही. गंज बाजूला ठेवला, उंबऱ्याशी बसल्या आणि आपल्या मुलीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, कोणताच भाग न गाळता. शेवटी म्हणाल्या, "माह्यं नको ऐकू. पण उद्या दोघी वर्ध्याले जा, डॉक्टरीणबाईले इचार. मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीला त्या तिघी बसल्या. मी शाळेत निघाले होते, स्टँडवर क्षणभर थांबले. खिडकीत आत्याबाई त्या सुनेला काहीतरी समजावताना दिसत होत्या, हाताचा वाडगा करून, बहुतेक अर्धी वाटी म्हणजे किती ते.