उजव्या हातांची वही

बसव्वाला आणलं तेव्हा तिचा उजवा हात वेगळा आणला होता, ज्वारीच्या पोत्यात गुंडाळून. भवानी पेठेतल्या धर्मादाय दवाखान्याच्या पायऱ्या रक्तानं निसरड्या झाल्या आणि मलमपट्टी करणारी ईरम्मा हातातला कापूस टाकून धावली. गाडीत कोण आहे ते तिला चेहऱ्यावरून नाही, किंकाळीवरून कळलं. सख्खी धाकटी बहीण!

"नन्न कै यल्ली, अक्का?" बसव्वा ओरडत होती. माझा हात कुठाय?

कोपराखाली पिळवटलेलं मांस होतं, चुरडलेलं हाड होतं आणि त्यात रुतलेला ज्वारीचा भुसा. ईरम्मा चिमट्यानं भुसा वेचू लागली. दोन बायांनी बसव्वाला दाबून धरलं होतं. तिनं एकीच्या मनगटाचा लचका तोडला.

"वहीत लिवा," दारातून चनबसप्पा म्हणाला. मळणीचं मशीन त्याचंच. "बैलगाडीखाली आली."

"मग हा भुसा काय चाकातनं आला व्हय रं?"

"ईरम्माक्का, मी काय नवीन सांगतोय? गाडी लिवलं तर दवापाणी माझं, वरीसभर जोंधळं माझं. मशीन लिवलंस तर पोलीस येतील, मशीन बंद. मग ही थोटी कुणाच्या दारात बसंल? तुझ्या?"

हे असंच चालायचं. मशीनवाला जखमीला गाडीत घालून आणायचा, आणि दोष त्याच गाडीवर टाकून जायचा. वहीत चार रकाने होते: तारीख, नाव, अवयव, कारण. चौथी शिकलेल्या ईरम्मानं शेवटच्या रकान्यात लिहिलं, बैलगाडी. तिच्या अंगठ्याचं रक्त पानावर उमटलं. सत्त्याहत्तरचा मार्च होता तो.

पुढच्या साली ज्वारी पुन्हा खळ्यावर आली, तेव्हा वेणीमाधव नावाचा तरुण इंजिनिअर दवाखान्यात आला. शहराबाहेरच्या सरकारी शेती केंद्रात तो नोकरीला होता. मशीनच्या तोंडाशी बसवायची पत्र्याची लांब पन्हळ त्यानं आखली होती. कणसं पन्हळीत टाकायची, ती उतारावरून आत घसरतील, हात आतल्या फिरत्या दातेरी ड्रमपर्यंत पोचणारच नाही.

"मग बनवा की!" ईरम्मा म्हणाली.

"मंजुरी लागते, ईरम्माबाई. नऊ जणांनी नऊ कामं सुचवलीत. प्रत्येक काम तीन तज्ज्ञांकडे टपालानं गेलं, त्यांनी वाचून गुण दिले. सरकार पहिली चारच घेणार. माझं नववं आलंय." त्यानं खिशातून कागद काढला. "शेरा ऐका. 'कल्पना बरी. मात्र असे अपघात फार होतात याला पुरावा नाही.' म्हणून तुमची वही बघायला आलो. तीन वर्षांत मशीन दोन. बैलगाडी एक्केचाळीस."

ईरम्मानं हातातली कात्री ट्रेमध्ये आपटली. "माझी भन आता डाव्या हातानं कणसं घालतीया. त्याच मशीनला! तो बी तुटला म्हंजे पुरावा हुईल व्हय?"

"सोमवारी समिती येतेय. चार कामं समोरासमोर बसून ठरवणार. तुम्ही येऊन सांगाल?"

पडद्याआडून डॉक्टर बाहेर आले. "वही इथून हलली, ईरम्मा, तर तूही परत यायचं नाही."

सोमवारी ईरम्मा वही पदराखाली घेऊन शेती केंद्राकडं निघाली.

समितीत पाच जण होते. मधोमध खादीच्या बुशशर्टातले एक वृद्ध गृहस्थ. बाकीचे त्यांना सर म्हणत.

"हे अक्षर कुणाचं?" सरांनी विचारलं.

"माझं."

"इथं बैलगाडी लिहिलंय."

"खोटं हाय. दोन-चार सोडली तर समदी मशीनची."

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही खोटं लिहीत होता. मग आज खरं बोलताय कशावरून?"

कुणीतरी हसलं. टेबलावरचा काचेचा गोळा उचलून त्या हसणाऱ्याच्या कपाळात घालावा, असं ईरम्माला वाटलं.

"सर, चाकाखाली मांस चेंगरतंय. मशीन ते वढतंय, पिळा घालून. एका पोराच्या हाडात कणीस अडकलं हुतं, मी पकडीनं उपसलं. मशीन लिवलेल्या दोघांतली मायाक्का, तिचा पदर गुतला, केसासकट टाळूची कातडी..."

"बास हो बाई," एकजण तोंडावर रुमाल धरून म्हणाला.

"बास कशाला?" सर त्याला म्हणाले. "पण बाई, अंगावर काटा आला म्हणून मी गुण देऊ शकत नाही. उद्या कुणी याहून भयंकर सांगेल. वही वाचा. कारण सोडून द्या. फक्त तारीख आणि अवयव."

ईरम्मा वाचू लागली. "सतरा फेब्रुवारी, उजवा हात. आठ मार्च, उजवी चार बोटं. अकरा मार्च, उजवा हात..." बसव्वाच्या ओळीवर रक्ताच्या अंगठ्याचा डाग होता. तरी ती थांबली नाही.

"पावसाळ्यात?" सरांनी मधेच विचारलं.

तिनं पानं उलटली. "तीन. तिन्ही पाय हायेत. ती खरीच गाडीखालची."

"आणि हात?"

"अडतीस. समदे मळणीच्या दिसातले." आता तीच वाकून रकाना बघत होती, आजवर तिनं तो असा सलग वाचलाच नव्हता. "सदतीस उजवे. एक डावा. तो गडी डावखुरा हुता."

अपघाताचं कारण खोटं सांगायची सगळ्यांना घाई होती; तारीख आणि हात कुणी खोटे सांगितले नव्हते.

"गाड्या बारा महिने चालतात," सर हळूहळू म्हणाले. "त्या उजवा हात निवडून खात नाहीत. 'पुरावा नाही' हा शेरा माझा होता. मी तो खोडतो."

"सर, मग चौथं काम बाहेर जाईल," रुमालवाला म्हणाला. "तासाला दुप्पट पोती काढणारा ड्रम आहे तो."

"मशीनच्या या उघड्या तोंडाला तो ड्रम लावला तर काय होईल?"

पाचही जणांनी नव्यानं गुण दिले. पन्हळ दुसरी आली. अट एकच, बाकीच्या तालुक्यांतल्या वह्याही अशाच वाचायच्या.

"कवा बसंल ती?" ईरम्मानं विचारलं.

"चाचण्या धरून दोन वर्षं."

"माझ्या भनीचा हात आज हाय, सर."

सरांनी वेणीमाधवकडे पाहिलं. तो चाचरला. "एक नमुना घरी ठोकलाय, सर. परवानगीशिवाय."

"जीपमध्ये टाका. पहिली चाचणी आज."

अक्कलकोट रस्त्यावरच्या खळ्यावर मशीन गुरगुरत होतं. समोर बसव्वा, उजवी बाही गाठ मारलेली, डाव्या हातानं कणसं कोंबत होती. बोटं ड्रमच्या दातांपासून वीतभर.

"दवाखान्यातली गोष्ट सायबाला सांगितलीस व्हय गं?" चनबसप्पानं जीपमधून उतरलेल्या ईरम्माच्या तोंडावर ठोसा मारला. तिचा दात हलला, ओठ फाटला. ती मागं सरली नाही. शेजारचा बांबू तिनं उचलला आणि मशीनच्या तोंडात खुपसला. मशीननं तो असा हिसकला की तिच्या तळहाताची साल निघाली. बांबूच्या चिरफळ्या उडाल्या, एक चनबसप्पाच्या गालात घुसली आणि तो गाल धरून खाली बसला.

"बघितलं, सर?" रक्त थुंकत ती ओरडली. "सोडायला येळच मिळत न्हाय!"

वेणीमाधवनं इंजिन बंद केलं. पन्हळ बोल्टांनी आवळली, इंजिन पुन्हा सुरू केलं. दुसरा बांबू त्यानं हाताएवढा कापून आत घातला. तो दातांच्या अलीकडंच राहिला.

बसव्वानं कणसं टाकली. निम्मी मधेच अडकली.

"हे लई लांब हाय, सायेब. दुसरा हात असता तर ढकललं असतं. थोडं कमी कर."

"कमी केलं तर हात पोचेल."

"माझा कुटला पोचतोय? मोज की!"

तिनं डावा हात खांद्यापर्यंत पन्हळीत घातला. ईरम्माला डोळे मिटावेत असं वाटलं, पण तिनं मिटले नाहीत. बोटांच्या टोकापासून दातांपर्यंत वेणीमाधवनं बाहेरून टेप लावली.

"दीड वीत उरते. अर्धी कमी करता येईल," तो म्हणाला. सरांनी ते लिहून घेतलं.