अण्णासमोर मऊ केलेलं वाक्य

"ही माणसं मुळातच लेझी. म्हणून इंग्लंडच्या यंत्रांपुढे टिकली नाहीत."

पाहुणे इंग्रजीत बोलले, तेही माझ्या थोरल्या भावाकडे, तुमच्या अण्णाआजोबांकडे, बोट दाखवून. सोलापूरच्या आमच्या छोट्या टॉवेलच्या कारखान्यात, चालू यंत्रमागाशेजारी.

नातवंडांनो, ही गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पाहुणे तुमच्या बाबांच्या विद्यापीठातले मोठे प्राध्यापक. काही देश श्रीमंत का झाले, आपल्यासारखे गरीब का राहिले, यावर पुस्तकं लिहितात. दुभाषी मी.

अण्णाने माग थांबवला. "काय म्हणतेत गं साहेब?"

"तुझं काम आवडलं म्हणतात."

खोटं बोलले. साहेब दुखावले तर तुमच्या बाबांच्या नोकरीचं काय, हे डोळ्यांपुढे आलं. शिवाय जुनी सवय. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. साहेबाचं बोलणं मऊ करून घरी आणायचं, हेही त्यातच शिकले.

अण्णा हसला नाही. "लेझी म्हणाले की. तेवढं इंग्रजी मला येतंय. मिलमध्ये कामाला होतो तवा साहेब रोज तेच म्हणायचा."

मी खाली बघितलं.

"आपले आजोबा तेलंगणातून पायी का आले, सांग की त्यांना. गावात विलायती कापड आलं, राजाबी इंग्रजांच्याच मुठीत, हातमाग बंद पडले. आळशी माणूस एवढं चालतोय व्हय?" मग आवाज खाली आला. "तू शिकावीस म्हणून मी सातवीत शाळा सोडली. ते ह्याच्यासाठी?"

पाहुण्यांना काहीतरी बिनसल्याचं कळलं. "त्यांना सांगा, हा नुसता इतिहास आहे. मनावर घेऊ नका."

"हे मी सांगणार नाही," मी म्हणाले.

आधी त्यांचं पहिलं वाक्य अण्णाला जसंच्या तसं सांगितलं. मग अण्णाचं सगळं त्यांना. पाहुण्यांनी वही मिटली आणि गाडीत जाऊन बसले.

अण्णाने माग सुरू केला. त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. नंतरही फारसा नाही. मी ताटात वाढलेलं निमूट जेवतो आणि उठतो.

त्याच रात्री तुमच्या बाबांचा फोन. "आई, त्यांना माफीचं पत्र पाठव."

ते पत्र आज कुठे लिहिलं आहे. त्यात माफी नाही. अण्णाचं बोलणं आहे, इंग्रजीत, एकही शब्द न गाळता. बाळांनो, त्याची नक्कल तुम्हाला पाठवते आहे. बाबा रागावतील. रागावू देत. आमच्या माणसांचा अपमान यापुढे माझ्या इंग्रजीआड लपणार नाही.